लाल कॅलिपर कव्हरास अनावृत पत्र

रा. रा. लाल कॅलिपर कव्हर यांस,
पूर्वीचा मुक्काम डावे पुढचे चाक, स्विफ्ट डिझेल, चिंचवड

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात बोरघाट उतरताना आपली प्रकृती बिघडली, आपण एका अंगाने वितळून लोंबू लागलात, आणि त्या गडबडीत आपली विचारपूस करायची राहून गेली. आम्हीही त्या वेळी जरा अडचणीत होतो. ब्रेक लागत नव्हते.

माझी ओळख द्यायला हवी. आपण ज्या गाडीवर विराजमान होतात तिच्या मालकाची मी आत्या. एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि आता घरात शिकवते, जिथे कोणी ऐकत नाही. गाडी मूळची माझ्या भावाची. २०१२ सालची, खालच्या श्रेणीतली, १.३ लिटरच्या त्या डिझेल इंजिनाची, जे मारुती, टाटा, फियाट अशा सगळ्यांच्याच गाड्यांत बसल्यामुळे लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. चिरंजीवांना नोकरी लागली तशी गाडी त्यांच्याकडे आली आणि तिचं नशीब फळफळलं. आधी १७ इंची अलॉय आली. मग एक्झॉस्ट आला, ज्याने सोसायटीतल्या कुत्र्यांची झोप उडवली. मग ट्यूनिंग बॉक्स आला. कंपनीने दिलेली ७५ अश्वशक्ती कमी पडत होती म्हणे, ती नव्वदीच्या पार गेली. कुठे कमी पडत होती ते मी विचारलं. डांगे चौकात, असं उत्तर मिळालं.

एवढा पराक्रम झाल्यावर मी भीत भीत म्हटलं, “अरे, ब्रेकचं काय?” त्यावर चिरंजीव हसले आणि म्हणाले, “आत्या, ते पण ऑर्डर केलंय.” चार दिवसांनी आपण आलात.

खोक्यातून निघालेली आपली स्वारी मला अजून आठवते. चार नग, लालभडक, आतून पोकळ, सोबत सिलिकॉनच्या गोंदाची एक नळी. किंमत साडेआठशे रुपये. छातीवर ब्रेम्बोचं नाव, त्यातलं एक अक्षर गाळलेलं. ब्रेम्बो ही १९६१ साली इटलीत बर्गामोजवळ सुरू झालेली कंपनी, ती खरे ब्रेक बनवते. तिच्याच घराण्यातला बायब्रे नावाचा ब्रेक चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकवर असतो, म्हणजे आमच्या शेजारच्या मुलाच्या मोटरसायकलला खरा आणि आमच्या मोटारीला आपण. असो, बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे निदान वासा तरी लाल होता.

पुढच्या दोन चाकांना मुळातच डिस्क आणि कॅलिपर आहेत, तेव्हा आपण त्यांच्यावर टोपीसारखे बसलात. मागच्या चाकांची मात्र पंचाईत होती. तिथे ड्रम. कॅलिपरच नाही तर कव्हर कशावर घालणार? पण त्याचीही सोय होती. ड्रमवर आधी भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची चकती चिकटवायची आणि तिच्यावर आपल्या धाकट्या भावंडांना. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, चारही चाकांना डिस्क. बहुरूप्याने फौजदाराचा वेश केला की गावातली पोरं पळतात, पण चोर काही पळत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. या गाडीत एबीएस नव्हतं. नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१८-१९ मध्ये, तोवर ही जुनी झाली होती. ती उणीव आपण भरून काढलीत. आपण ज्या प्लॅस्टिकचे आहात त्याचंही नाव एबीएसच. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं, एवढाच काय तो फरक.

आता त्या दिवसाकडे येऊ. पेणला लग्न होतं. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आहेराची भांडी. चिरंजीवांनी हौसेने जुन्या घाटाचा रस्ता धरला. शिंग्रोबाच्या देवळाशी काच खाली करून त्यांनी पाच रुपयांचं नाणं टाकलं. तोवर ब्रेकच्या सुरक्षेवर झालेला तो एकमेव खर्च. मग चौथा गिअर, पाय ब्रेकवर, आणि गप्पा.

मी मागे बसून मनातल्या मनात गणित करत होते, सवयच आहे. हजार किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर जी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, तिच्यात सव्वा लिटर पाणी उकळायला येतं. दहा कप चहा. वेग ८० चा १०० झाला तर आपल्याला वाटतं सव्वापट झाला, पण ब्रेकच्या वाट्याला येणारी उष्णता दीडपटीच्या वर जाते. हे एका थांबण्याचं. खंडाळ्याहून खोपोलीत उतरताना गाडी जवळपास ५०० मीटर खाली येते. इंजिनाची आणि हवेची मदत घेतली नाही, सगळा भार ब्रेकवर टाकला, तर हिशेब होतो शंभरावरून बारा-तेरा वेळा थांबण्याचा, मधे थंड व्हायला उसंत न देता. वऱ्हाडाचा चहा झाला असता, आणि मी हजार किलोच धरले होते. पाच माणसं आणि आहेराची पातेली वेगळी. याच घाटात शेजारून रेल्वे उतरते, ती उतरताना थांबून ब्रेकची खात्री करून घेते आणि तरीही सुटलीच तर अडवायला तिच्यासाठी कॅच सायडिंग बांधून ठेवलेलं आहे. आमच्यासाठी आपण होतात.

आधी वास आला. जळक्या लायनरचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. वहिनी म्हणाली, कोणीतरी कचरा जाळतंय. पुढच्या वळणावर चिरंजीवांनी ब्रेक दाबला, तर पेडल नेहमीच्या जागी न थांबता खाली गेलं, ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा गेलं. गाडीतल्या गप्पा थांबल्या. मी म्हटलं, “पंप मार, आणि दुसऱ्यात टाक.” त्यांनी तिसऱ्यात टाकली, मग दुसऱ्यात. इंजिन किंचाळलं. एवढी अश्वशक्ती वाढवली ती सगळी पुढे पळायला. मागे खेचायलाही तेच इंजिन असतं हे त्यांना त्या क्षणी कळलं. हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी एका चहाच्या टपरीपुढे गाडी उभी राहिली. खाली उतरून पाहिलं तर आपण! लाल लाळेसारखा एक ओघळ रिमवर. टपरीवर बसलेला ट्रकचा क्लीनर धावत आला आणि म्हणाला, “पाणी मारू नका, डिस्क वाकडी होईल.” मग आपल्याकडे बघून म्हणाला, “हे काय, खेळण्यातलं?”

दुसऱ्या दिवशी गाडी भोसरीच्या उस्तादांकडे. त्यांनी मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. “मॅडम, हे ब्रेक ऑइल. काकवी दिसतेय ना?” दिसत होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो आकडा १५५ वर येऊ शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आमचं बहुधा कंपनीतून निघालं तेव्हाचंच होतं. घाटात पॅड तापले, उष्णता पिस्टनमधून ऑइलमध्ये गेली, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली गेला तो त्यामुळे.

मग आपल्या धाकट्या भावंडांची चकती उपटून मागचा ड्रम उघडला. आतून मूठभर काळी भुकटी पडली. लायनर संपत आलेले आणि डाव्या व्हील सिलिंडरमधून गळती. इतकी वर्षं ज्याच्यावर लाल मुखवटा घातला होता, त्याचा खरा चेहरा पहिल्यांदाच दिसला.

चिरंजीव इतक्या लवकर शहाणे होतील असं मात्र आपण समजू नये. त्यांनी तिथेच मोबाइल काढून चार पिस्टनचे खरे मोठे कॅलिपर दाखवले. पुढच्या चाकांना बसवू म्हणाले. उस्तादांनी टायरवर बोट ठेवलं. टायर कडक झालेले, नक्षी झिजलेली. “ब्रेक दाबल्यावर चाक आत्ताच जाम होतंय ना? मग आणखी मोठा ब्रेक लावून काय करणार? लवकर जाम होईल.” शिवाय पुढचे पिस्टन मोठे आणि मास्टर सिलिंडर जुनाच, म्हणजे पेडल आणखी खोल जाणार. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो हे खरं, पण कंपनीने पुढचं-मागचं प्रमाण तोलून ठेवलेलं असतं. फक्त पुढचं वाढवलं की मागची चाकं फुकट बसून राहतात, आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतरही लागू शकतं. परदेशात स्विफ्ट स्पोर्टला कंपनीने मागे डिस्क दिल्या, इथे २०१७ च्या बलेनो आरएसला दिल्या, पण पूर्ण जुळणी करून. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत स्वतःच्या मर्जीने फेरफार केले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. चिरंजीवांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

तर शेवटी अपग्रेड झालं ते असं: नवं डॉट ४ ऑइल, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पुढे चांगल्या प्रतीचे डिस्क पॅड, डिस्क लेथवर घासून सरळ. मागे नवे लायनर आणि दोन्ही व्हील सिलिंडर. फुगायला लागलेले रबरी होज पाइप बदलले. अलॉय विकून मूळ मापाची रिम आणि नवे टायर. बाहेरून पाहिलं तर गाडीला काहीच झालेलं नाही. चिरंजीवांना याचंच दुःख सर्वांत जास्त.

रविवारी पहाटे चाकण एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घ्यायला गेलो. साठावर न्यायची, दाबून दहावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा साठावर. अशा दहा फेऱ्या. मी शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजत होते. सहाव्या फेरीला सीटबेल्टने मला गच्च धरलं आणि माझा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. चिरंजीव माझ्याकडे बघून म्हणाले, “आत्या, हे असं लागायचं कधी?” मी म्हटलं, २०१२ साली.

आपण सध्या माझ्या टेबलावर आहात. वाकलेली बाजू खाली ठेवली की वीजबिलं त्यावर नीट बसतात. आपल्या तीन भावंडांना चिरंजीवांनी विकायला काढलं आहे, ‘फारसं न वापरलेलं’ असं लिहून. ते खरंच आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
चिरंजीवांची आत्या

ता. क. : ब्रेक ऑइल बदलायला मजुरी धरून सातशे रुपये लागले. आपल्यापेक्षा दीडशेने कमी.