पायाचा भाव

सुप्रीम कोर्टाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी, वर्षाच्या कमाईला वयानुसार लावायच्या गुणकांचा तक्ता घालून दिला: पंधरा ते पंचवीस वयाला 18, सव्विसाव्या वर्षी 17, पासष्टीनंतर 5. जखमींची बुडालेली कमाईही त्यावरच मोजतात. म्हणजे ट्रकखाली यायचंच असेल, तर सव्विसावा वाढदिवस गाठू नये.

पण नुसतं वय पुरत नाही. डॉक्टर लिहितात, पाय 40 टक्के निकामी. विमा कंपनीचे वकील विचारतात, ‘कमाई किती टक्के निकामी?’ कारकुनाचं बूड शाबूत, म्हणजे पाय स्वस्त. हमालाचा तोच पाय महाग.

लोकअदालतीत आमचे काका कुबडी टेकून उभे. वकीलसाहेब मायेने म्हणाले, ‘बसा ना काका, 3 लाखांत मिटवू.’ काका बसले.

‘बघा, बसता येतंय की! अडीच.’