जीर्णोद्धार : खिशातल्या गाण्याचा

खिशात मावणारे, स्वतः न गाता दुसऱ्याचे गाणे ऐकवणारे आणि बंद पडल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती दिले जाणारे यंत्र म्हणजे सुवाह्य संगीतयंत्र. 'सुवाह्य' हा शब्द कोशाबाहेर आढळत नाही. नृसिंहवाडीत या यंत्राला 'गाण्याचं डबडं' म्हणतात.

(टेबलावर तबक, तबकात उपरण्याखाली काहीतरी झाकलेले. वक्ता चष्मा लावून जाडजूड बाडातून वाचतो आहे. प्रयोगभर तो स्वतःविषयी चकार शब्द काढत नाही. उपरण्याचे टोक उचलतो, आत बघतो, मान हलवतो, पुन्हा झाकतो.)

नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे दत्तक्षेत्र. कागदावर नृसिंहवाडी, यात्रेकरूंच्या तोंडी नरसोबाची वाडी आणि गावातल्या माणसाला नुसती वाडी. इथून पुढे वेळ वाचवण्यासाठी 'वाडी' म्हटले आहे. वाचलेला वेळ तीन नावे सांगण्यात गेला. कृष्णा इथे येते ती वाईवरून, जिथे मराठी विश्वकोश तयार झाला. वाटेत तिची विश्वकोशाची भाषा गळत जाते आणि वाडीला पोचेपर्यंत ती शिरोळकडचे बोलू लागते. प्रस्तुत नोंदीचेही तेच होण्याचा संभव आहे.

या यंत्राचा पूर्वज वॉकमन. तो १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला. त्याचा नेहमीचा रोग एकच, फीत गुंतणे. आणि औषधही एकच.

(वक्ता कानामागची पेन्सिल काढतो आणि हवेत गरगर फिरवतो. बराच वेळ. चेहऱ्यावर गतकाळ.)

षटकोनी पेन्सिल कॅसेटच्या दात्यांत बसवून फिरवली की फीत आत जाई. या पेन्सिलीची नवी आवृत्ती कधी निघाली नाही. टोक केले की झाले.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला. पाच गिगाबाइटची चिमुकली हार्ड डिस्क, खिशात हजार गाणी. १० मे २०२२ रोजी त्याच्या कंपनीने ही ओळ थांबवत असल्याचे सांगितले. मधल्या वीस वर्षांत त्याची असंख्य गरीब भावंडे जयसिंगपूर, सांगली, मिरजेच्या दुकानांतून घरोघरी पोचली. त्यांना नाव नव्हते, असले तर स्पेलिंग चुकलेले होते, आणि ती चालत होती.

वाडीत असे एखादे भावंड पेढ्यांच्या दुकानात, तराजूच्या मागे, अगरबत्तीच्या पुड्यांना टेकून उभे असते. त्याला कामाची वेळ ठरलेली आहे. पहाटे काकड आरती, दिवसभर दत्ताची पदे, तिन्हीसांजेला टेंबे स्वामींची करुणात्रिपदी, रात्री शेजारती. देवळात हे सारे प्रत्यक्ष चाललेलेच असते. तरी दुकानात ते यंत्रातून लागतेच, कारण शेजारच्या दुकानात लागलेले असते.

यंत्राच्या अंगात तीन गोष्टी असतात. हार्डवेअर, म्हणजे जे पडले तर त्याचा आवाज होतो. सॉफ्टवेअर, म्हणजे जे बिघडले तर माणसाचा आवाज होतो. आणि फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये मुक्कामाला असलेली ती मूळ आज्ञावली, जिच्यामुळे यंत्राला आपण यंत्र आहोत हे कळते. बटण दाबले तर काय करायचे, फाइल कशी उघडायची, बॅटरी किती उरली, हे सगळे तिला ठाऊक. ती बदलण्याच्या क्रियेस अपडेट म्हणतात.

अपडेटचे कारण शोधू गेल्यास ते यंत्रात सापडत नाही. यंत्र ठीक चाललेले असते. कारण पुण्याहून येते. सुटीला आलेला भाचा हा अपडेटचा प्रमुख वाहक होय. तो बासुंदीची वाटी संपवतो, तराजूमागे बघतो आणि म्हणतो, "मामा, हे किती जुनं व्हर्जन आहे!" त्या क्षणापर्यंत मामांना आपल्याकडे व्हर्जन आहे हेच माहीत नसते. एकदा जुने आहे हे कळले की मात्र दुपारची झोप लागत नाही.

अपडेट मध्येच तुटले तर एवढा अनर्थ का होतो, याचे उत्तर फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे. तीत एक अक्षर खोडून दुसरे लिहिता येत नाही. आधी आख्खा कप्पा कोरा करावा लागतो, मग तो पुन्हा भरावा लागतो. अंगणातल्या रांगोळीचा एक ठिपका चुकला म्हणून सगळी रांगोळी पुसून नव्याने काढण्यातला हा प्रकार. पुसून झाल्यावर आणि काढायच्या आत जर कोणी हाक मारली, तर अंगणात ना जुनी रांगोळी उरते ना नवी.

अशी हाक मारणारे घटक : बॅटरी संपणे, वीज जाणे, सैल केबल, आणि भाच्याला आलेला फोन. दुसऱ्या मॉडेलची फाइल घालणे हा सहावा… (मोजतो) पाचवा. वाडीतल्या माणसाने हे खरे तर सहज ओळखावे. बासुंदी आटवायला ठेवून कोणी फोनवर बोलायला बाहेर जात नाही. ढवळणे थांबले की दूध तळाला लागते, आणि वरून साय कितीही देखणी दिसली तरी पहिल्याच घासाला पाहुणा गप्प होतो. अपडेट हे तळाला लागणारे काम आहे. ते चालू असताना यंत्राकडे पाठ करू नये.

लक्षणे. पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते आणि तिथेच राहते. काही आयपॉडांवर फोल्डर आणि उद्गारचिन्ह येते, काहींवर रडवेला चेहरा येतो. यंत्राने दुःख व्यक्त करावे, उद्गारही आपणच काढावा आणि मालकाला काहीच शिल्लक ठेवू नये, हे अन्यायाचे आहे. स्वस्त यंत्रे भावनाप्रदर्शन करत नाहीत. ती नुसती काळी पडतात.

या अवस्थेला जाणकार 'वीट होणे' म्हणतात. यंत्र विटेइतकेच उपयोगी उरते, हा अर्थ. मराठीत हा शब्द जास्त शोभतो, कारण यंत्राची वीट होते आणि मालकाला वीट येतो. वीट दोन प्रकारची : कच्ची आणि भाजलेली. कच्ची पुन्हा मळता येते. यंत्र संगणकाला जोडल्यावर संगणक जराजरी 'टुंग' करून दखल घेत असेल, तर वीट कच्ची समजावी.

(वक्ता उपरणे पूर्ण दूर करतो. काडेपेटीएवढे यंत्र. दोन बोटांनी उचलून विटेसारखे टेबलावर आपटतो. ऐकतो.)

भाजलेली नाही.

दुरुस्तीपूर्वी घरगुती उपचार होतातच. यंत्र तळहातावर आपटणे, हा पहिला. तो रेडिओपासून वंशपरंपरेने आला आहे. दुसरा, तांदळात ठेवणे. हा उपचार पाण्यात पडलेल्या फोनांसाठी सांगितला जातो आणि तिथेही त्याचा भरवसा नाही; अपडेटचा तर पाण्याशी संबंधच नाही. आजरा घनसाळमध्ये रात्रभर ठेवल्यास यंत्राला वास मात्र उत्तम येतो. तिसरा, मिरजेला नेणे. मिरज वाद्यांची, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा आवाज बसला तर तिथला कारागीर घोडीचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासून जवारी लावतो आणि सूर पुन्हा गोल होतो. तंबोऱ्याचे जुने व्हर्जन चालते, उलट जुने असेल तर किंमत वाढते. गाण्याचे डबडे समोर ठेवल्यावर हा कारागीर ते उलटेपालटे करून बघतो आणि भोपळा कुठे आहे असे विचारतो.

आता मूळ मुद्दा. वीट झालेले यंत्र मुळात परत येते कसे?

याचे उत्तर वाडीत दर पावसाळ्यात बघायला मिळते. कृष्णा चढली की पाणी देवळात शिरते. उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला लांबून माणसे येतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. पाणी फार वाढले की उत्सवमूर्ती वर, नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. पादुका हलत नाहीत. २००५, २०१९, २०२१ या साली महापूर आले, दुकाने बुडाली, आणि पाणी उतरल्यावर गाळ धुऊन त्याच जागी पूजा पुन्हा सुरू झाली.

बहुतेक चिपांमध्ये अशीच एक न हलणारी जागा असते. तिला बूट रॉम म्हणतात. चिप घडवतानाच तिथे मोजक्या आज्ञा कोरलेल्या असतात आणि कुठलेही अपडेट त्या पुसू शकत नाही, कारण ती जागा लिहिण्यासाठी उघडतच नाही. यंत्र चालू झाले की आधी ही जागा जागी होते आणि फर्मवेअर शोधते. फर्मवेअर धड नसेल, तर पुष्कळ यंत्रांत ती यूएसबीच्या दाराशी नवे फर्मवेअर येण्याची वाट बघत बसते. गाणी वाजवणे तिला येत नाही. वाट बघणे येते. वरच्या गाळाखाली ती शाबूत असते, म्हणून जीर्णोद्धार शक्य होतो.

ती उठवण्याची रीत यंत्रागणिक वेगळी. प्रथम एक तासभर चार्जिंग करावे. पुराच्या दिवसांत वाडीत "पाणी कितव्या पायरीला?" असे विचारतात, तसे बॅटरी कितव्या पायरीला हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग होल्डची कळ एकदा लावून सोडावी. पुष्कळदा यंत्र मेलेले नसून तेवढीच कळ लागलेली असते, आणि हे कळल्यावर घरात जी शांतता पसरते तिचे वर्णन इथे अप्रस्तुत आहे. त्यानंतर चक्रीच्या आयपॉडवर 'मेन्यू' आणि मधले बटण एकत्र दाबून सहा ते आठ सेकंद धरावे.

(वक्ता बाड बगलेत धरतो. दोन्ही अंगठे यंत्रावर. दाबतो.)

एक. दोन. या वेळी दुकानात गिऱ्हाईक येते. "अर्धा किलो कंदी द्या" हे वाक्य ऐकून बटण सोडू नये. तीन. गिऱ्हाईक वाकून बघते. "काय करायलासा ओ?" चार. याला उत्तर दिल्यास "कितीला घेतलासा?" हा प्रश्न येतो, आणि त्यालाही उत्तर दिल्यास "फसलासा की!" हा निकाल येतो. पाच. नाकावर माशी बसते. पेढ्यांच्या दुकानात माशीचा हक्क पहिला असतो. सहा. (नाक आकसतो, फुगवतो. बाड बगलेतून घसरू लागते.) सात. घरातून आवाज येतो, "अहो, झालं का?"

(बाड पडते. ते धरायला हात जातो. बटण सुटते. दीर्घ शांतता. वक्ता बाड उचलतो, धूळ झटकतो, पान शोधतो, यंत्र हातात घेतो.)

एक.

(प्रेक्षकांकडे बघत, ओठ न हलवता, आठपर्यंत जातो. यंत्राचा पडदा उजळतो.)

चिन्ह दिसताच लगेच मधले बटण आणि 'प्ले' दाबून धरल्यास अशा आयपॉडांत डिस्क मोड येतो. म्हणजे यंत्र गाणारे न राहता नुसती पेटी होते, आणि पेटी म्हणून संगणक तिला ओळखतो. मग संगणकावर 'रिस्टोअर'ची आज्ञा द्यावी. दुसऱ्या काही यंत्रांत योग्य फर्मवेअरची फाइल त्या पेटीत टाकून केबल रीतसर काढली की पुढचे ते स्वतः करते.

'रिस्टोअर' या शब्दाने भल्याभल्यांना चकवले आहे. त्याने यंत्र पूर्ववत होते, गाणी नव्हेत. गाणी समूळ पुसली जातात. पूर येण्याआधी उत्सवमूर्ती वर नेतात, त्याप्रमाणे गाण्यांची दुसरी प्रत आधीच संगणकावर ठेवायची असते. पंधरा वर्षांची पदे, कीर्तने आणि कोणाच्या तरी मुंजीतले आजोबांचे बोलणे असलेले यंत्र 'नाहीतरी सगळं ह्यातच आहे' म्हणून विनाप्रत ठेवणाऱ्यास या टप्प्यावर पाणी द्यावे.

(स्वतः पाणी पितो.)

कंपनीने जुन्या यंत्राचे फर्मवेअर देणे सोडले असेल, तर रॉकबॉक्स नावाचे परके फर्मवेअर काही जुन्या यंत्रांत घालता येते. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या प्रोग्रामरांनी ते हौसेने सुरू केले. ते फुकट आहे, म्हणून वाडीत त्याच्याविषयी संशय आहे.

जीर्णोद्धार झालेले यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे असते. त्यामुळे पुष्कळदा ते चिनी बोलते. भाषा बदलायची जागा चिनीत शोधावी लागते. दातेरी चक्राचे चित्र मात्र सर्व भाषांत दातेरीच असते, तिथून आत शिरावे. देवनागरी नावे न वाचता येणारी यंत्रे 'काकड आरती'च्या जागी चौकोन दाखवतात आणि 'शेजारती'च्या जागीही चौकोनच. तेव्हा नावावरून गाणे शोधण्याची आशा सोडावी.

राहता राहिला क्रम. स्वस्त यंत्रे नावांचा क्रम पाहत नाहीत. ज्या क्रमाने फाइल आत चढली, त्याच क्रमाने ती वाजते. म्हणून गाणी एकेक करून, दिवसाच्या क्रमाने चढवावीत : आधी काकड आरती, शेवटी शेजारती. भाच्याला वेळ नसतो, कुरुंदवाडहून त्याची गाडी सुटणार असते. तो सगळ्या फाइली एकदम निवडतो आणि हाताशी आलेल्या शेवटच्या फाइलीला धरून ओढतो. संगणकाचा नियम असा की जिला धरून ओढले, ती आधी चढते.

(यंत्र सुरू करून टेबलावर ठेवतो.)

त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता दुकानाची फळी उघडल्यावर…

(यंत्रातून शेजारतीचे सूर. वक्ता बाडाचे पान उलटतो. प्रकाशयोजना सांभाळणारा आत बसून ते ऐकतो, आणि सवयीने एकेक दिवा मालवू लागतो.)

…अजून एक परिच्छेद आहे. आवाज कमी-जास्त करण्याविषयी.

(शेवटचा दिवा जातो. अंधारात पान चाचपडल्याचा आवाज. तबक पडते.)