वाया चाललीया आच

आमच्या तात्यांच्या भट्टीवर विळा शेवटायला न्यावा आणि अंघोळ करून परत यावं. विळ्याचं नंतर बघू.

तात्या धंद्याने लोहार, स्वभावाने सावकार. पैशाचे नव्हे, आचेचे. वर्षाची उधारी विसरतील, पण धुराड्यातून चाललेली ऊब बघवत नाही. "वाया चाललीया की ओ!" भट्टीच्या कडेला चहाचं भांडं, राखेत भरताचं वांगं, पावसाळ्यात वरच्या तारेवर अख्ख्या आळीतल्या पोरांची ओली दप्तरं. लाल विळा बुडवून डोणीतलं पाणी कोमट झालं की त्यात तात्या पाय सोडून बसणार. गुडघ्यांना बरं असतं म्हणे.

गेल्या थंडीत त्यांनी मोडीतला तांब्याचा बंब आणला, खालची जाळी काढली आणि धुराड्यातच बसवला. मधल्या नळीतून धूर, भोवती पाणी. युक्ती नामी. पण धुरातली आचच काढून घेतली तर तो वर चढेल कशाला? तो गार पडला, मागे फिरला आणि थेट काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला. काकू नाकाला पदर लावून बाहेर आल्या. तात्या म्हणाले, "आदी पानी बग कसलं तापलंय!"

मी पडलो मास्तर. राहवेना. सांगून बसलो की जेम्स नीलसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८२८ साली एक पेटंट घेतलं. लोखंड गाळायच्या भट्टीत गार वाऱ्याऐवजी तापवलेला वारा सोडायचा. कोळसा कितीतरी वाचला. तात्यांनी घण खाली ठेवला, तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ब्लोअरची नळी धुराड्यातून फिरवलेली. नळी प्लॅस्टिकची होती.

खरं तर एका विळ्याला आच लागते ती किती? पण बंब पुरता तापला पाहिजे म्हणून भट्टी अर्धा तास जादा धगधगते, आणि कोळशाचं पोतं आठवड्याआधीच तळ गाठतं. हे मी एकदा भीत भीत काढलं. तात्या माझ्याकडे ढ पोराकडे बघावं तसं बघत राहिले. "मास्तर, कोळसा इकत मिळतो. गेलेली आच कुठल्या दुकानात मिळती?"

परवा पुन्हा विळ्यासाठी गेलो.

"इळा उद्या न्या. पानी तापलंय. टावेल आनलाय न्हवं?"

आणला होता.