भोकातून मालवण

आमच्या घरातून कुठेही निघताना तीन प्रश्न विचारले जातात. गॅस बंद केला का, गॅलरीचं दार लावलं का आणि "तो डबा घेतलायत का?" पहिल्या दोन प्रश्नांत काळजी असते. तिसऱ्यात आशा असते, की या खेपेला तरी मी तो विसरलो असेन.

डबा म्हणजे माझा कॅमेरा. कॅनन पॉवरशॉट ए ५७० आयएस, साल २००७. सात मेगापिक्सेल आणि वर थोडी चिल्लर, चारपट झूम, मुठीत बसावा म्हणून उजवीकडे एक फुगवटा आणि त्या फुगवट्याच्या पोटात दोन पेन्सिल सेल. मुंबईच्या बोरा बाजारात तीन दुकानं पालथी घालून, चौथ्यात घासाघीस करून, शेवटी पहिल्याच दुकानातून घेतलेला. सोबत १६ एमबीचं कार्ड फुकट होतं. त्यात मोठ्या आकाराचे चार-पाच फोटो मावायचे. म्हणजे साखरपुडा उरकला असता, लग्नाला वेगळं कार्ड घ्यावं लागलं. वर्ष उलटायच्या आत, २००८च्या जानेवारीत ए ५९० जाहीर झाला आणि माझा नवाकोरा कॅमेरा मागच्या पिढीत जमा झाला. पुढे तो ए ५९०ही गेला, ती अख्खी मालिकाच गेली. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे सांगतात, की २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले आणि २०२३ साली ८० लाखही नाहीत. बाकीचे कुठे गेले हे तुमच्या खिशात हात घातला की कळेल.

खिशात फोन माझ्याही आहे. "बाबा, त्याला पन्नास मेगापिक्सेल आहेत," असं चिरंजीव महिन्यातून एकदा सांगतात. असतील. दिवाणखान्यात पन्नास माणसं बसली म्हणून गप्पा रंगतात असं थोडंच आहे?

तर यंदा दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलं. पूर्वी २००९ साली आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो. तेव्हा चिरंजीव चार वर्षांचे होते आणि कॅमेऱ्याला 'डबा' म्हणत नसत. या खेपेला ठाण्याला रात्री कोकणकन्येत बसलो, वरचा बर्थ पटकावला, आणि पनवेल मागे पडल्यावर मला आठवलं की चार्जिंगचे चारही सेल स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारच्या प्लगला, हिरवा दिवा लावून आरामात बसले आहेत.

मी खालच्या बर्थवर ही बातमी पोचवली. "अहो, हा ईश्वरी संकेत समजा," बायको म्हणाली आणि कुशीवर वळली.

इथे सेलाचं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, कारण पुढची सगळी सहल त्यावर चालली. साधा, स्वस्तातला पेन्सिल सेल हा घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी जन्माला आलेला जीव. ही मंडळी त्याच्यातून चमच्या-चमच्याने पितात. माझा कॅमेरा लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश भरताना एकदम घागर मागतो. साध्या सेलाला एवढा प्रवाह एका दमात देता येत नाही. त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि तो दोन फोटोंत आडवा होतो. मेलेला नसतो, फक्त भोवळ आलेली असते. हाच सेल नंतर घड्याळात घातला की वर्षभर बिनतक्रार चालतो. आमच्या घरातली तिन्ही घड्याळं कॅमेऱ्याच्या उष्ट्यावर चालतात, आणि बायको त्याला घराची परंपरा न म्हणता दारिद्र्य म्हणते.

कुडाळला उतरून मालवणात पोचलो. लॉजवर पिशव्या टाकल्या आणि घावणे खायच्या आधी बाजारात सेल शोधायला निघालो.

"सेल? रिमोटचे काय घड्याळाचे?" दुकानदाराने विचारलं.

"कॅमेऱ्याचे."

"कॅमेऱ्याक सेल घालतत?" त्याने चष्मा कपाळावर नेला. मी मोबाइलसाठी रॉकेल मागितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "असला गिऱ्हाईक धा वर्सात येवक नाय." मग स्टुलावर चढून त्याने धूळ खात पडलेलं अल्कलाइन सेलांचं एकच पाकीट काढलं. दोन सेल. मी कृतज्ञतेने त्याला सांगू लागलो, की जगातला पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ साली बनवला, त्याचं वजन साडेतीन किलोंच्या वर होतं, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि त्यात १६ सेल होते.

"नशीब, तो घेतला नाहीत," बायको मागून म्हणाली.

अल्कलाइन सेलांवर सुमारे १२० फोटो निघतात, असा कंपनीचाच हिशेब आहे. पण तो ताज्या सेलांचा. हे पाकीट बहुधा सॅसनच्या काळातलं असावं. तेव्हा काटकसर आली. या कॅमेऱ्यावर काटकसरीचा एकच मार्ग आहे: मागचा स्क्रीन बंद ठेवायचा आणि भोकातून बघायचं.

हे भोक म्हणजेच माझ्या प्रेमाचं खरं कारण. लेन्सच्या वर डाळीच्या दाण्याएवढी एक काच असते, मागे तेवढीच दुसरी. त्यातून एक डोळा मिटून बघायचं. वीज लागत नाही, उन्हात दिसेनासं होत नाही. फक्त त्यात सगळं दिसत नाही. अशा कॅमेऱ्यांची भोकं प्रत्यक्ष फोटोच्या साधारण ऐंशी टक्केच दाखवतात, म्हणजे भोकात दिसलेलं फोटोत हमखास येतं आणि न दिसलेलं काहीबाही कडेने आत शिरतं. आमच्या साऱ्या अल्बमात असे कडेवरचे पाहुणे आहेत. मेहुण्याच्या लग्नात वरमाला पडतेय आणि डाव्या कडेला आचारी बनियनमध्ये हिशेब घालतोय. महाबळेश्वरला आम्ही तिघं, मागे दरी, आणि उजवीकडे एका घोड्याचा निम्मा भाग, तोही दर्शनी नव्हे. शनिवारवाड्यासमोर एक अनोळखी बाई नाकात बोट घालून उभ्या आहेत. इतक्या स्पष्ट, की त्या रस्त्यात भेटल्या तर मी नमस्कार करीन. घरी आल्यावर फोटो टीव्हीवर लावायचे आणि 'कडेला कोण आलंय' हे शोधायचं, हा आमचा जुना खेळ आहे.

दुपारी जेट्टीवरून होडीत बसलो. सिंधुदुर्ग समोर दिसत होता. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या तीन वर्षांत शिवाजी महाराजांनी तो उभा केला; तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात. आमच्या सोसायटीची कंपाउंड भिंत पाचव्या वर्षी अजून सभेच्या ठरावात आहे, हे आठवून मी मान खाली घातली आणि कॅमेरा वर उचलला. होडी हलत होती, मी हलत होतो. पण नावातलं 'आयएस' त्यासाठीच आहे. लेन्सच्या आतलं एक भिंग हाताच्या कंपाच्या उलट दिशेला सरकतं. माझ्या हाताला वयोमानाने कंप सुटण्याआधी पंधरा वर्षं त्याची तजवीज करून ठेवणारी वस्तू मी टाकून कशी देऊ?

"काका, त्या भोकातसून काय दिसता?" होडीवाल्याने विचारलं. "माका बघूंदे."

मी कॅमेरा दिला. त्याने सुकाणूवरचा हात न काढता डोळा लावला आणि दचकला. "आयशप्पथ! किल्लो लांब गेलो मां!"

सगळी होडी हसली. झूम न करता त्या भोकातून सगळं बारीक दिसतं हे खरं आहे. मग शेजारच्या कोल्हापूरच्या आठ-दहा बायकांनी आमचा ग्रुप काढा म्हणून फर्मावलं. मी डोळा लावताच त्या पदर सावरून एकदम ताठ झाल्या. हे फोनसमोर होत नाही. फोन धरलेला माणूस फोटो काढतोय, की रस्ता शोधतोय, की सुनेला शिव्या लिहितोय, काही कळत नाही. डोळ्याला डबा लावलेला माणूस मात्र एकच काम करू शकतो. दोन फोटो काढले.

"आता पाठवा की ओ व्हॉट्सॲपवर."

मी समजावलं, की आधी घरी जायचं, कार्ड काढायचं, लॅपटॉपला कार्डाची फट नाही म्हणून रीडर शोधायचा, मग लॅपटॉपवरून फोनवर...

"मग काढलासा कशाला वो?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. उरलेला प्रवास होडीत शांतता होती.

सिंधुदुर्गाचं महाद्वार तटाच्या दोन वळणांत असं लपवलंय, की अगदी जवळ जाईपर्यंत ते शत्रूलाही दिसू नये. माझ्या भोकाला ते जवळ गेल्यावरही दिसलं नाही. आत शिरल्यावर महाराजांच्या हातापायाच्या ठशांपाशी गर्दी होती. दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी चहूबाजूंनी खारट समुद्र असताना कशा, यावर एक गाइड मोठ्याने बोलत होता. चिरंजीव माझ्यापासून वीस पावलांवर, आपण या गृहस्थांना ओळखत नाही अशा अंतराने चालले होते. मी साखरविहिरीचा फोटो काढत असताना मागून आवाज आला.

"काका, हा डिजिकॅम आहे? ओरिजिनल? सीसीडी आहे का यात?"

चार कॉलेजच्या मुली होत्या. सीसीडी म्हणजे प्रकाश टिपणारा जुन्या घडणीचा सेन्सर. फोनमध्ये तो नसतो, आणि त्याचे रंग काही वेगळेच येतात अशी हल्ली तरुण मुलांची श्रद्धा आहे. मी 'आहे' म्हणताच तिने दोन्ही हात पुढे केले. बारशाला बाळ घेतात तसा तिने तो घेतला.

"आणि हा रबर बँड? तो पण तेव्हाचाच?"

सेलांच्या झाकणाची खिटी २०११ साली जेजुरीच्या पायऱ्यांवर माझ्याच हातून पडून तुटली, तेव्हापासून तिथे कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बँड आहे. मी फक्त हसलो.

"सो क्यूट!" ती म्हणाली आणि चौघी तटाला टेकून उभ्या राहिल्या.

आणि मी पाहिलं, की मघाचं वीस पावलांचं अंतर शून्यावर आलंय. "माझे बाबा आहेत," चिरंजीव सांगत होते. "आमच्याकडे हा पहिल्यापासून आहे. आम्ही जपून वापरतो."

मी डोळा लावला, बटण अर्धं दाबलं, आणि कॅमेऱ्याने लेन्स आत ओढून घेतली. बॅटरी बदला. चार मुली पोझ घेऊन उभ्या, मुलगा अभिमानाने उभा, आणि बदलायला बॅटरी नाही. मग मी तेच केलं जे गेली कित्येक वर्षं करतोय. रबर बँड सोडला, सेल काढले, तळहातांत धरून चोळले, दोन मिनिटं शर्टाच्या खिशात छातीशी ठेवले. भोवळ आलेल्या सेलाला जरा विसावा मिळाला की त्याच्यात एका फोटोपुरता जीव परत येतो. एक फोटो निघाला.

"किती ऑथेंटिक," त्यातली एक कुजबुजली. बायको दुरून कोकम सरबत पीत हे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते टिपायला सेल उरले नव्हते.

शिवराजेश्वराच्या देवळापाशी चिरंजीव स्वतःहून म्हणाले, "बाबा, द्या, मी काढतो एक." त्यांनी डबा हातात घेण्याची ही कित्येक वर्षांतली पहिली वेळ. सेल पुन्हा चोळले गेले, या खेपेला तरुण हातांनी. मी म्हटलं, "मी नको, तुझ्या आईचा काढ," आणि दर्शनासाठी काढलेल्या सगळ्यांच्या चपला उचलून बाजूला झालो. देवळाबाहेर चपला वाऱ्यावर सोडायच्या नाहीत, हा अण्णांचा नियम. भोकात डोळा घालून मुलगा बराच वेळ उभा होता. मग क्लिक झालं.

त्या रात्री लॉजच्या एसीच्या रिमोटमधले सेल मी उसने घेतले. दोन फोटोंत तेही आडवे झाले आणि रात्रभर एसी कोणत्याच बटणाला बधला नाही, एवढंच सांगतो. पुढचे दोन दिवस तारकर्लीला बायकोने फोनवर फोटो काढले, चारशे बारा.

घरी आल्यावर रीडर शोधला. तो मिक्सरच्या शेजारीच होता, हिरवा दिवा लावून बसलेल्या सेलांना सोबत म्हणून. टीव्हीवर फोटो लावले. एकूण एकेचाळीस. कोल्हापूरकरणींच्या कडेला होडीवाल्याचा अंगठा, चार मुलींच्या कडेला चिरंजीवांचा अर्धा, कमालीचा प्रसन्न चेहरा. मग त्यांनी काढलेला फोटो आला. मधोमध बायको, मागे देऊळ, आणि उजव्या कडेला मी. निम्माच. तोंड अर्धवट उघडं, हातात तीन जोड चपला.

"जरा थांबा," बायको म्हणाली. उठून तिने लॅपटॉप ओढला आणि २००९चं फोल्डर उघडलं. तेच देऊळ, तीच बाजू. मधोमध ती, कडेवर चार वर्षांचे चिरंजीव. अण्णा फोटोला कधीच उभे राहत नसत. "मी नको, तुम्ही उभे राहा," म्हणत बाजूला होत. त्या दिवशी भोकातून मला ते दिसलेच नव्हते. फोटोत मात्र उजव्या कडेला आहेत. निम्मे. तोंड अर्धवट उघडं, एका हातात आमच्या चपला, दुसऱ्यात लाल रंगाच्या दोन इवल्याशा.

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून आम्ही बघत राहिलो.

"अर्धेच आलेत दोघं," चिरंजीव शेवटी म्हणाले. "पण बाबा, चपला पूर्ण आल्यात."