नारळ उभा राहिला

पिंपळवंडीच्या आमच्या दाजींना बोअर घ्यायचा होता. भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा, असे मी सुचवले. दाजींनी पाणाडी आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून बुवा बांधाबांधाने फिरले आणि आंब्यापाशी नारळ ताडकन उभा राहिला. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. मग नारळ विहिरीपाशी उभा राहिला, तिथे पाणी लागले. गावात चर्चा अर्थातच विहिरीपाशी उभ्या राहिलेल्या नारळाची.

मी सांगून पाहिले, की आपल्याखाली काळा पाषाण, त्यात पाणी भेगांत आणि मुरमात अडकलेले, त्यामुळे एक बोअर कोरडा गेला तरी शेजारचा भरून वाहतो.

"म्हणजे नेमकी जागा तुमच्या शास्त्रालाही सांगता येत नाही ना, पाव्हणं?"

"छातीठोकपणे नाही."

"मग झालं! तिथनंच शक्ती चालू होते."

विज्ञानाला जरा फट पडली, की आमच्याकडे तिचा लगेच आळेफाटा होतो. शेजारच्या आळे गावात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. त्यामुळे पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे, हा प्रश्न या भागात सातशे वर्षांपूर्वीच सुटला आहे.

जवळच्याच खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवाल्यांची मात्र कीव येते. गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या ३० तबकड्या, एकेक ४५ मीटरची. विश्वातले बहुतेक द्रव्य कशाचे बनले आहे, हे जगातल्या कुठल्याच शास्त्रज्ञाला माहीत नाही. एवढी मोठी फट समोर असून शास्त्रज्ञांनी तिला 'कृष्णद्रव्य' असे नाव दिले आणि हे लोक पुन्हा मोजमापाला बसले. नारळ फोडून मोकळे व्हायचे, तर ते नाही.

मी शेवटचे अस्त्र काढले. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ शेकडो पाणाड्यांतून ४३ निवडून एका कोठारात त्यांची परीक्षा घेतली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्याने जागा सांगायची. काहींना जमते, असे परीक्षकांचे मत पडले. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले, तर सारा अंदाजपंचे कारभार निघाला.

"त्यांच्या हातात काय होतं?"

"काड्या. तारा."

"नारळ नव्हता ना?" दाजी समाधानाने म्हणाले.

"आणि आंब्यापाशी नारळ होता, त्याचं काय?"

"तिथं खाली खडक लागला, त्याला नारळ काय करणार!"

म्हणजे पाणी लागले की शक्ती, नाही लागले की भूगर्भशास्त्र. रिगवाल्याचा असा काही सिद्धान्त नव्हता. त्याने दोन्ही बोअरचे बिल फुटावर लावले.