बांधलेलं विमान

रविवारी सकाळी महापे रिकामं असतं. आयटीवाले घरी झोपलेले, एमआयडीसीतली शटरं खाली. अशा वेळी मी एका मोकळ्या प्लॉटवर बाल्सा लाकडाचं विमान घेऊन जातो. प्लॉट विजेच्या तारांपासून लांबचा शोधला आहे, कारण माझ्या हातातल्या तारा पोलादी असतात. पहिल्याच दिवशी वॉचमन धावत आला.

"साहेब, इथे ड्रोन चालत नाही."

"ड्रोन नाही हो. हे तारांना बांधलेलं आहे."

त्याने हँडल पाहिलं, तारा पाहिल्या. "बांधायचंच होतं तर उडवता कशाला?"

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये हे वेड लागलं. वायुसैनिक शिबिरातल्या स्पर्धांमध्ये कंट्रोल लाइनही असते. उडवणारा मधोमध, विमान त्याच्याभोवती. दोन तारा पंखातल्या बेलक्रँकला जोडलेल्या, तिथून एक सळई शेपटीच्या एलिव्हेटरला. मनगट वर वळवलं की नाक वर, खाली वळवलं की खाली. डावं-उजवं हा प्रकारच नाही! १९४० च्या सुमारास जिम वॉकर या अमेरिकन गृहस्थाने हा खेळ लोकप्रिय केला, आणि एवढ्या दोन शब्दांच्या भाषेत लोक कसरतींची स्पर्धा खेळू लागले. आंतरराष्ट्रीय नियमांत तारांची लांबी १५ ते २१.५ मीटर आणि सगळ्या कसरतींना मिळून सात मिनिटं. त्यात गोल लूप, चौकोनी लूप, त्रिकोणी लूप, आडवा आठ, उभा आठ, आणि मान मोडेपर्यंत वर पाहायला लावणारा डोक्यावरचा आठ. परीक्षक बघतात ते कोपरे आणि तळाची उंची. जमिनीपासून साधारण दीड मीटर. मीटरभर चुकलात तर चौकोनाची पोळी होते.

माझं घोडं अडतं ते उलट्या उड्डाणात. विमान पालथं झालं की 'वर'चा अर्थ खाली होतो. हे मेंदूला पाठ असतं, मनगटाला नसतं. घाबरलं की मनगट सवयीने वर ओढतं आणि विमान आज्ञाधारकपणे जमिनीत घुसतं. आजवर तीन विमानं अशी गेली. चौथ्याच्या वेळी हिने विचारलं, "बाल्सा किलोवर मिळतो का?"

इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल आता मी पदरचे पैसे देऊन हुंगतो. विमान पाच-सहा सेकंदांत एक फेरी मारतं आणि मीही त्याच्याबरोबर जागेवर फिरतो. नवशिक्याला पहिल्या दहा फेऱ्यांत भोवळ येते. नजर विमानावर खिळवली की ते स्थिर दिसतं. मागून डोंगर, काचेच्या इमारती, वॉचमनची खुर्ची अशी सगळी वरात पळत असते.

एकट्याने हे जमत नाही. इंजिन सुरू झालं की शेपूट धरून इशाऱ्यावर सोडणारा माणूस लागतो. एका रविवारी बरोबर कोणी नव्हतं. वॉचमनलाच विचारलं. त्याने टोपी काढून खुर्चीवर ठेवली, शेपूट म्हशीचं धरावं तसं धरलं, आणि सोडताना "हां, जा" म्हणाला.

इंधन संपलं, इंजिन बंद झालं, विमान अर्धी फेरी तरंगत येऊन टेकलं. मी उभाच राहिलो, कारण महापे अजून थांबलं नव्हतं. तो जवळ येऊन म्हणाला, "साहेब, आज उलटं केलं नाही."

तेव्हापासून रविवारी तो माझ्या आधी प्लॉटवर असतो. तार ओढून बघतो, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि विचारतो, "आज उलटं करणार का?"

मी इंधन भरण्यात गुंतलेला असतो.