‘केस आपलीच आहे’ म्हणणाऱ्या साहेबांस

मु. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा

श्रीमान ‘केस आपलीच आहे’ साहेब यांस,


आपण वकील नाही, मुन्शी नाही, न्यायाधीश तर नाहीच. तरीही निकाल सगळ्यात आधी आपल्याकडे तयार असतो. न्यायालय साक्षी घेतं, पुरावे तपासतं, दोन्ही बाजू ऐकतं. आपण चहाच्या टपरीवर सातबारा उलटा धरून सांगता, “काळजीच नको, सहा महिन्यांत धुरा मोकळा!” एवढी हिंमत नागपूर खंडपीठातल्या नावाजलेल्या वकिलांनाही होत नाही. ते बिचारे म्हणतात, “कागद बघतो, मग सांगतो.” म्हणूनच लोक त्यांना कच्चे समजतात आणि आपल्याला पक्के.

आपल्या मायेचं तर काय सांगावं! रस्त्यावरच्या अपघातात घरातला माणूस गेला, की तेरवीच्या आत आपण सांत्वनाला हजर. “आत्ता एक रुपयाही नको. भरपाई आली की तिसरा हिस्सा वकीलसाहेबांचा.” निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मनाई केली आहे. दलाल लावून पक्षकार गाठायलाही मनाई आहे. एका दमात दोन नियम मोडणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. तेलंगणात एका वकिलाने अपघाताच्या भरपाईत असाच टक्का मागितला. त्यापोटी घेतलेला धनादेश वटला नाही, म्हणून त्याने मृताच्या पत्नीवर फौजदारी खटला भरला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशी टक्क्याची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचं सांगितलं. हा निकाल आपल्या टपरीपर्यंत पोचायचा राहिला असावा.

बरं, ‘एक रुपयाही नको’चा पुढचा हिशेब असा : तिकिटाचे वेगळे, टायपिंगचे वेगळे, नकलांचे वेगळे, प्रत्येक पेशीचे वेगळे, आणि शेवटी आवाज खाली आणून “वर साहेबांना द्यावे लागतात” ते वेगळे. वरचे साहेब नेमके कोण, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. पावती मागितली की आपण दुखावता. म्हणता, “विश्वास नाही का?”

खर्चाचा अंदाज चुकणं आमच्या तालुक्याला नवं नाही. १९८८ साली पायाभरणी झालेला गोसेखुर्द धरणाचा प्रकल्प ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या पुढे गेला. पण त्याचा अंदाज निदान कागदावर होता. आपला अंदाज फक्त तोंडावर असतो, तोही समोरच्याची बांधी केवढी ते बघून बदलणारा.

म्हणून गावातल्या लोकांना मी हल्ली एक वाईट सवय लावतो आहे. थेट वकिलाच्या टेबलाशी जा आणि विचारा : फी पूर्ण दाव्याची की टप्प्याटप्प्याची? अपील त्यात आलं का? कोर्ट फी, मोजणी, नकला यांना अंदाजे किती? आपली बाजू लंगडी कुठे आहे? हरलो तर काय? उत्तरं लिहून घ्या, पैशाची पावती घ्या. चांगला वकील या प्रश्नांनी चिडत नाही. दाव्याचा सीएनआर क्रमांकही मागून घ्या. पुढची तारीख मग मोबाइलवर दिसते, ती विचारायला आपल्या टपरीवर चहा पाजावा लागत नाही.

आपण सांगायला विसरता अशाही काही गोष्टी आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा फोन क्रमांक. त्यात आपला टक्का नसल्याने विस्मरण झालं असेल, समजू शकतो. “फी बाकी आहे, फाइल मिळणार नाही,” ही आपली आवडती धमकीही सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच मोडीत काढली आहे. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे २०२४ च्या निकालाने ठरलं, पण गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. आपल्यासाठी मात्र संसदेने खास सोय केली आहे. वकील कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने ४५-अ हे कलम आलं. सराईत दलालांची यादी जिल्हा न्यायाधीशांना करता येते, म्हणणं मांडायची संधी देऊन. यादी न्यायालयात टांगली जाते. दलाल कुठे घुटमळतात तेही कायद्याने लिहून ठेवलं आहे : न्यायालयाचं आवार, महसूल कार्यालयं, रेल्वे स्टेशन, मुक्कामाच्या जागा. आपल्या दिनक्रमाचा एवढा अभ्यास तर घरच्यांनीही केला नसेल.

आपल्या नावाची शिफारस करणारा अर्ज आम्ही तयार केला आहे. नाव यादीत आल्यावरही धंदा चालू ठेवलात, तर शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे म्हणजे आपली एका पेशीची वरकमाई, त्यामुळे घाबरू नका. फक्त दंड भरताना पावती घ्या. न्यायालय ती देतं, विश्वास असला तरी.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपला,
आसगावचा एक पक्षकार